आधी केशरी रंग की आधी पत्रा?

पत्राचा सारांश: इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये राहणाऱ्या एका वाचकांनी दीड वर्षापूर्वी १९७४ सालची फोक्सवॅगन कॅम्पर बस घेतली. उजव्या हाताचं स्टिअरिंग, मागे १६०० सीसीचं हवेने थंड होणारं इंजिन, वर उघडणारं छत, आत लाकडी कपाटं आणि गॅसची शेगडी. आधीच्या कुणीतरी ती ब्रशने गडद हिरवी रंगवली आहे. खाली पांढरा रंग दिसतो आणि गाडीवरच्या कोडच्या पट्टीनुसार ती कारखान्यातून पेस्टल व्हाइट रंगातच निघाली होती. वाचकांना हवा आहे ब्रिलियंट ऑरेंज, म्हणजे फोक्सवॅगनचाच त्या काळचा केशरी. जुन्या गाड्यावाले मित्र म्हणतात, मूळ रंगच दे, नाहीतर किंमत पडेल. एक पेंटर म्हणतो, सँडपेपर मारून वरून रंग देतो, तीन आठवड्यांत गाडी घेऊन जा. दुसऱ्या गॅरेजचं म्हणणं, पत्रा उघडा केल्याशिवाय हात लावणार नाही. ३०० तास धरा, पक्की रक्कम आत्ता सांगता येणार नाही. दारांच्या खाली आणि पुढच्या काचेखाली फुगवटे आहेत, त्यांचं वेल्डिंग 'पुढच्या वर्षी' करायचं ठरलं आहे. आधी रंग झाला तर हुरूप टिकेल, असा विचार. पत्नीला वाटतं की आहे तो पैसा इंजिनावर घालावा आणि ऑगस्टात मुलांना घेऊन कॉर्नवॉलला जावं. वाचक विचारतात: रंग बदलू की मूळ ठेवू? आणि कोणत्या पेंटरकडे जाऊ?

नमस्कार,

रंगापासूनच सुरुवात करू, कारण तुमच्या पत्रातला तोच सगळ्यात सोपा प्रश्न आहे. केशरी द्या.

मित्र सांगतात त्यात तथ्य आहे, पण ते तुमच्या गाडीला फारसं लागू होत नाही. 'मूळ रंग' या शब्दांना खरी किंमत असते ती कारखान्यात बसलेला रंग अजून अंगावर शाबूत असतो तेव्हा. किंवा गाडीच दुर्मिळ असते तेव्हा, उदाहरणार्थ १९६७ पर्यंतची दुभंगलेल्या काचेची आणि त्यातही छतात खिडक्या असलेली सांबा. १९७४ ची बाकदार एकसंध काचेची बस, तीही एकदा ब्रशने रंगवलेली, पुन्हा पांढरी केली तरी ती 'पुन्हा रंगवलेली' गाडीच राहते. तिचा जाणता गिऱ्हाईक रंगाचं नाव विचारण्याआधी खाली वाकून दाराखालचा पत्रा बघतो आणि वेल्डिंगचे फोटो मागतो. शिवाय ब्रिलियंट ऑरेंज, कोड एल २० बी, हा फोक्सवॅगनने त्याच वर्षांत बसला दिलेला रंग आहे. पांढऱ्या छताखाली केशरी अंग ही जोडी त्या काळच्या वेस्टफालिया कंपनीच्या कॅम्परवर सर्रास दिसायची.

फक्त एक गोष्ट आधी करून बघा. कुठल्यातरी सपाट जागी, समजा सरकत्या दाराच्या मधोमध, वीतभर चौकोन आखा आणि ८०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी मारत हळूहळू हिरवा थर उतरवा. खालचा पांढरा अखंड, चकचकीत निघाला आणि आणखी चार-पाच ठिकाणीही तसाच निघाला, तर तुमच्या हातात कारखान्याचा रंग शाबूत असलेली गाडी आहे. मग मात्र मित्रांचं ऐकण्यात अर्थ आहे. हिरवा सोलून खालचा पांढरा वाचवायचा प्रयत्न करावा. पांढऱ्याखाली राखाडी लांबी (खड्डे भरायचा लेप), लाल प्रायमर, पुन्हा पांढरा असे थरावर थर निघाले तर वादच मिटला.

कोडची पट्टी, पुढच्या सीटच्या मागे बसवलेला तो छोटा पत्र्याचा तुकडा, कुणालाही रंगवू किंवा उखडू देऊ नका. गाडीच्या दहा अंकी क्रमांकातला पहिला २ हा बसचा आणि तिसरा आकडा मॉडेल वर्षाचा. तुमच्या गाडीवर तो ४ असायला हवा, किंवा गाडी ऑगस्ट १९७४ पासून पुढे बनली असेल तर ५. पट्टी, क्रमांक आणि लॉगबुक (गाडीचं नोंदणीपत्र) यांचा मेळ बसत असेल तर गाडीचा मूळ इतिहास कागदावर राहतो, अंगावर रंग कोणताही असो.

आता रंगबदलाचा खर्च बहुतेकांना कुठे फसवतो ते सांगतो. पांढऱ्यावर पांढरा देताना पेंटर दाराच्या कडेला थांबू शकतो. पांढऱ्याची केशरी करायची तर दार उघडताच पांढरं दिसतं: दाराच्या चौकटी, बिजागऱ्यांची बाजू, सरकत्या दाराचा रूळ, पायरी, मागच्या झाकणाची आतली कड, डॅशबोर्डचा पत्रा, सीटखालचे खोके, इंजिनाची खोली. कारखान्यात या साऱ्याला अंगाचाच रंग बसायचा. सगळं बदलायचं म्हणजे इंजिन खाली, फर्निचर बाहेर, वायरिंग सैल, आणि कामाचे तास जवळपास दुप्पट. काहीच बदललं नाही तर गाडी प्रत्येक दार उघडताना उधारीची वाटते.

तुमच्या गाडीसाठी आमची शिफारस मधली आहे. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या पन्हाळीच्या वरचं छत पांढरंच ठेवा, तो मूळ रंगच आहे. पन्हाळीखालचं बाहेरचं अंग, दारांच्या चौकटी, पायऱ्या आणि ड्रायव्हरच्या केबिनमधला दिसणारा पत्रा केशरी करा. इंजिनाची खोली आणि कपाटांमागचा पत्रा साफ करून, गंज असेल तिथे दुरुस्त करून, पांढराच सोडा. गाडी विकायला काढाल तेव्हा इंजिनाच्या खोलीतला तो पांढरा रंग कुणाला खुपणार नाही, उलट कोडच्या पट्टीला साक्षीदार मिळेल.

केशरी रंगाचा एक खास त्रास आहे आणि तो पेंटरशी आधी बोलून घ्या. सत्तरच्या दशकातल्या चमकदार केशरी-पिवळ्या रंगांत शिशाची रंगद्रव्यं असत. ती दोन हातांत खालचं सगळं झाकून टाकायची. आजचे बिनशिशाचे केशरी विरळ झाकतात. खाली एका ठिकाणी गडद राखाडी, दुसरीकडे लाल ऑक्साइड आणि तिसरीकडे लांबीचा ठिगळ असेल तर चार हात देऊनही उन्हात ते नकाशासारखं वर दिसतं. म्हणून शेवटचा प्रायमर सगळीकडे एकाच फिक्या छटेचा हवा, पांढरा किंवा अगदी फिका राखाडी. पेंटरने 'दोन हात पुरे' म्हटलं तर त्याला विचारा, कोणत्या प्रायमरवर? तीन-चार हात धरून चाला.

छटा कोडवर विसंबून ठरवू नका. एल २० बी म्हणून दोन कंपन्यांनी मिसळलेले डबे शेजारी ठेवले तर फरक दिसू शकतो. पोस्टकार्डाएवढ्या पत्र्यावर, तुमच्याच प्रायमरवर, तुमच्याच पेंटरच्या गनने नमुना मारून घ्या. तो ढगाळ दिवशी, उन्हात आणि रात्री रस्त्याच्या पिवळ्या दिव्याखाली बघा, आणि पांढऱ्या छताला टेकवून बघा, कारण पांढऱ्याशेजारी केशरी जरा जास्तच भडक दिसतो. मोबाइलवरच्या फोटोवरून रंग जुळवणाऱ्यांची निराशा ठरलेली. छत सोडून बाहेरचं अंग आणि चौकटी यांना साधारण ४ ते ५ लिटर रंग लागेल, हार्डनर आणि थिनर वेगळे. सगळा एकाच वेळी, एकाच घाण्याचा मिसळून घ्या. अर्धा लिटर हार्डनर न घालता घट्ट झाकणाच्या डब्यात राखून ठेवा, आणि दुकानाने छापलेलं मिश्रणाचं लेबल फाइलमध्ये लावा.

रंगाचा प्रकार? आम्ही टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, सॉलिड रंग सुचवू, वर क्लिअरचा वेगळा पारदर्शक थर न मारता. क्लिअर असलेली रचना उन्हात जास्त टिकते हे खरं, पण या बसच्या गोलसर अंगावर ती ओली ओली, काचेसारखी दिसते. सॉलिड रंग नंतर पॉलिश करून परत उजळता येतो आणि जुन्या गाडीला शोभतो. मात्र टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांचा फवारा फुप्फुसात गेला की कायमचा दमा जडू शकतो. घरच्या गॅरेजात साधा मास्क लावून हे काम कुणीही करू नये. त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि स्प्रे बूथ लागतो. घरी फवारायचंच असेल त्या वाचकांनी सेल्युलोज रंग घ्यावा, आणि आगीचा धोका लक्षात ठेवावा.

आता तीन आठवडेवाल्या पेंटरकडे वळू. तो फसवतोय असं नाही. तो जे देतोय तेवढ्याचाच भाव सांगतोय. अडचण तुमच्या हिरव्या रंगाची आहे. ब्रशने लावलेला तो रंग बहुधा घरगुती किंवा बोटीचा एनॅमल असावा. त्यावर गाडीचा रंग पडला की त्यातला थिनर खालचा थर मऊ करतो आणि वरचा थर सुरकुततो. चाचणी पाच मिनिटांची आहे. सेल्युलोज थिनरमध्ये भिजवलेली चिंधी हिरव्यावर दोन मिनिटं दाबून धरा. रंग चिकट झाला किंवा चिंधीवर उतरला तर 'पेपर मारून वरून रंग' हा पर्यायच संपला. सगळा हिरवा काढावाच लागेल. ही चाचणी न करता जो पेंटर भाव देतो, त्याने गाडी नीट पाहिलेली नाही.

आणि मुख्य गोष्ट, जी तुम्ही पत्रात एका वाक्यात उरकली आहे: 'वेल्डिंग पुढच्या वर्षी.' हुरूप टिकावा म्हणून आधी रंग, ही कल्पना फार जणांना मोह घालते. गडबड अशी की वेल्डिंगची उष्णता पत्र्याच्या दोन्ही बाजूंचा रंग जाळते. दाराखालच्या पट्टीला ठिगळ लावायचं तर वर वीतभर रंग जातो, आणि केशरीसारख्या रंगात तेवढाच पट्टा नव्याने जुळवणं जवळपास अशक्य; पेंटर आख्खी बाजू रंगवायला सांगेल. म्हणजे वर्षभराच्या हुरुपासाठी तुम्ही दोनदा पैसे मोजणार.

दुसरं असं की बाहेर दिसणारा फुगवटा ही गंजाची शेवटची पायरी असते. या बसच्या दाराखाली एकात एक तीन पत्रे आहेत: आतला, मधला आणि बाहेरचा. पाणी आणि रस्त्यावरचं मीठ आत साचतं, आधी आतला आणि मधला खातं, आणि बाहेरच्यावर बुडबुडा येईपर्यंत आत चाळण झालेली असते. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात, त्यामुळे पन्नास वर्षं तिथेच राहिलेल्या बसला हे चुकत नाही. पुढच्या काचेचंही तसंच. रबराखाली दोन फुगवटे बाहेर दिसत असतील तर रबर काढल्यावर खालची सगळी कड पातळ झालेली निघण्याची तयारी ठेवा.

म्हणून पेंटर निवडण्याआधी एक दिवस गाडीखाली घाला. गाडी सपाट जागी उभी करा. गंजलेल्या जॅकिंग पॉइंटवर, म्हणजे जॅकसाठी ठेवलेल्या जागेवर, जॅक लावू नका, तो आत घुसतो आणि गाडी खाली येते. जॅक मजबूत चेसिसला लावा आणि स्टँड दिल्याशिवाय खाली शिरू नका. हातात स्क्रूड्रायव्हर, फ्रिजवरचं लोहचुंबक आणि मोबाइलला जोडायचा स्वस्त नळी-कॅमेरा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा: चांगला पत्रा टणक वाजतो, सडलेला बद्द वाजतो. चुंबक जिथे धरत नाही तिथे लांबी भरलेली आहे. कॅमेरा सिलच्या, म्हणजे दाराखालच्या पट्टीच्या, निचऱ्याच्या भोकातून आत घाला. बघायच्या जागा: दाराखालची पट्टी दोन्ही बाजूंनी पूर्ण लांबीभर, जॅकिंग पॉइंट आणि त्यांना चेसिसशी जोडणारे आडवे हात, केबिनचा तळ, विशेषतः रबरी मॅटखाली पेडलांजवळ, पुढच्या नाकाचा खालचा पट्टा, मागच्या चाकांच्या कमानींची खालची टोकं, बॅटरीखालचा ताट, कारण तिथे आम्ल आणि वरच्या हवेच्या जाळीतून आलेलं पाणी दोन्ही पोचतं, सरकत्या दाराचा तळ, मागच्या झाकणाची खालची कड, आणि वर उघडणाऱ्या छतासाठी कापलेली कड. ही शेवटची जागा बहुतेक जण बघतच नाहीत. छत रूपांतर करणाऱ्यांनी कापलं, कडेला रबर बसवलं, आणि त्या रबराखाली पाणी मुरत राहिलं.

प्रत्येक जागेचा फोटो, त्यावर खडूने क्रमांक. या यादीवर वेल्डर ठाम भाव देऊ शकतो. '३०० तास, बघू' हे उत्तर येतं कारण यादीच नसते. हिशेबासाठी ६० पौंड तास धरला तरी ३०० तासांचे १८,००० पौंड होतात आणि २० टक्के व्हॅट धरून २१,६००. एवढ्या रकमेला 'बघू' म्हणून होकार देऊ नका, पण ती ऐकून तीन आठवडेवाल्याकडे पळूही नका.

वेल्डिंग करणाऱ्याला काय विचारायचं? पहिला प्रश्न: कापण्याआधी आधार देणार का? सरकत्या दाराच्या बाजूला मोठं रिकामं तोंड आहे. तिथली पट्टी तिन्ही पत्र्यांसकट कापली की वरचं अंग मध्ये खचतं. नंतर दार कायमचं घासतं. म्हणून आधी दाराच्या तोंडात आडवे-तिरके लोखंडी बार टाचून घ्यायचे, एकावेळी एकच बाजू कापायची, आणि प्रत्येक पत्रा पक्का करण्याआधी दार लावून फटी मोजायच्या. क्रम आतून बाहेर: आडवे हात आणि जॅकिंग पॉइंट, मग आतला पत्रा, मधला, शेवटी बाहेरचा. एकमेकांवर येणाऱ्या कडांना झिंकचा वेल्ड-थ्रू प्रायमर, ज्याच्यावरून वेल्डिंग करता येतं. बाजारात मिळणारे तयार तुकडे सगळे सारखे नसतात. काहींची वळणं इतकी ढोबळ असतात की बसवायला लागणारे तास तुकड्याच्या किमतीहून महाग पडतात. वेल्डरला विचारा, तू कोणते वापरतोस आणि का. ज्याने ही बस आधी केली आहे तो यावर दहा मिनिटं बोलायचा थांबणार नाही.

दुसरा प्रश्न: जुन्यावर नवा ठोकणार की सडलेला कापून काढणार? बाहेरच्या पट्टीवर नवी पट्टी चढवून वर लांबी भरलेल्या गाड्या दोन वर्षं छान दिसतात.

पत्रा पूर्ण झाल्यावर रंग उतरवणं. इथे तुम्हाला पैसे वाचवता येतील, कारण हे काम वेळखाऊ आहे, कठीण नाही. बसच्या सपाट बाजूंवर वाळूचा मारा करू देऊ नका. मोठा सपाट पत्रा त्याने तापून-ताणून लाटा धरतो आणि त्या लाटा किलोभर लांबीनेही जात नाहीत. रासायनिक स्ट्रिपर किंवा ८० नंबरचा पेपर लावलेलं गोल सँडर बरं. आम्लाच्या टाकीत बुडवणं या बसला टाळावं. पोकळ्यांत राहिलेलं आम्ल नव्या रंगातून वर येतं. जुन्या थरांत शिसं असू शकतं, म्हणून कोरडी धूळ उडवू नका: हाताने घासताना पाणी मारा, सँडरला धूळ ओढणारी नळी जोडा, किमान पी-३ दर्जाचा मास्क वापरा, मुलांना तिथे येऊ देऊ नका, कपडे वेगळे धुवा. बंपर, दिवे, हँडल, काचा, रबर तुम्हीच काढा. प्रत्येक बोल्ट पिशवीत, पिशवीवर जागेचं नाव. पेंटरने काचा न काढता कडेला टेप लावून रंगवायचं म्हटलं तर नको म्हणा; रबराच्या कडेला राहिलेल्या धारेतूनच पुढचा पोपडा सुटतो.

उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. लांबी इपॉक्सीवर, २ ते ३ मिमीपेक्षा जाड नको. मग जाड सरफेसर (घासून सपाट करायचा प्रायमर), वर काळा गाइड कोट (उंच-खोल जागा दाखवणारा पातळ थर), लांब ठोकळ्यावर पेपर चढवून घासणं: ३२०, मग ४००, शेवटी ६०० पाणी मारून. जोडांना पॉलियुरेथेन सीलर, खालून दगड सोसणारा लेप, मग केशरी, दोन हातांत दहा-पंधरा मिनिटं सुकायला देत. पोकळ्यांत मेण सगळ्यात शेवटी, रंग पक्का झाल्यावर. आधी मेण मारलं तर त्याचा अंश रंगाच्या कामात येतो आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. सिलिकॉनचंही तेच, पेंटरकडे गाडी जाण्याआधी महिनाभर डॅशबोर्डवर चमक आणणारे फवारे मारू नका. मेण मारताना निचऱ्याची भोकं बुजली तर नाहीत ना, हे तारेने तपासा. बुजलेल्या भोकामुळे नवी सिलसुद्धा आतून सडते.

कराराबद्दल थोडक्यात. काम टप्प्यांत वाटा: वेल्डिंग, प्रायमर, रंग, जोडणी, प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि त्यानंतरच त्या टप्प्याचे पैसे. काचा बाहेर काढून की टेप लावून, प्रायमर कोणता, किती हात, चौकटी धरून की सोडून, हे कागदावर. आणि काम कधी सुरू होणार तेही लिहून घ्या. जुन्या गाड्या गॅरेजच्या कोपऱ्यात महिनोन्‌महिने पडून राहतात. सुरुवातीलाच सगळे पैसे दिलेली गाडी सगळ्यात शेवटी निघते.

आता तुमच्या पत्नीचं म्हणणं. त्यांचं बरोबर आहे, आणि तुमच्या केशरीशी त्याचं भांडण नाही. या ऑगस्टात गाडी हिरवीच जाऊ द्या, पण आतून ठीक करून.

पहिल्यांदा पेट्रोलच्या नळ्या. या बसला आग लागते ती मागे, इंजिनाच्या खोलीत, आणि कारण बहुतेकदा तडकलेली रबरी नळी किंवा ढिली क्लिप. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं झालं आहे. जुन्या रबराला ते मानवत नाही. इथेनॉल सोसणारी, आर-९ दर्जाची नळी टाकीपासून कार्बुरेटरपर्यंत सगळीकडे बदला, टाकीच्या वरच्या हवेच्या नळ्यांसकट. त्यांच्यापर्यंत पोचायला इंजिन उतरवावं लागेल, तेव्हाच एकदम करून घ्या. शक्यतो पाच टक्के इथेनॉलवालं सुपर पेट्रोल भरा. इंजिनाच्या खोलीत आपोआप सुटणारं अग्निशामक बसवा; केबिनमधलं वेगळं.

इंजिनाभोवतीची रबरी पट्टी आणि पत्र्याची झाकणं जागेवर आहेत का बघा. ही नसली तर खालची तापलेली हवा पंखा परत वर ओढतो आणि इंजिन चढावर शिजतं. व्हॉल्व्हची फट थंड इंजिनावर ०.१५ मिमी. तेल सुमारे अडीच लिटर, दर ३,००० मैलांना बदलायचं. या इंजिनाला तेलाचा खरा फिल्टर नाही, साधी जाळी आहे, म्हणून हे लांबवू नका. हीटरच्या पेट्यांना भोक असेल तर धूर केबिनमध्ये येतो. गॅसची शेगडी आहेच, तेव्हा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, आणि गॅसची नळी-जोड जाणकार माणसाकडून तपासून घ्या. ब्रेकच्या रबरी नळ्या, ब्रेक ऑइल, आणि टायर: १८५ आर १४ सी, भार सोसणाऱ्या जातीचे. बाजूवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं. दहा वर्षांपलीकडचे टायर नक्षी कितीही चांगली असली तरी काढा.

मुलांच्या सीटबेल्टकडे खास लक्ष द्या. मागे बेल्ट बसवले असतील तर ते कुठे अडकवलेत ते खालून बघा. सडलेल्या तळाला साध्या वॉशरने आवळलेला बेल्ट धडकेत निघून येतो. तिथे जाड लोखंडी पट्टी हवी आणि आजूबाजूचा पत्रा टणक हवा. कॉर्नवॉलला जाताना ए-३० महामार्गावरच्या चढांना तिसऱ्या गिअरमध्ये, डावीकडे राहून, घाई न करता चढा. मागे रांग लागली तर थांबण्याच्या जागी वळवून वाट द्या.

चाळीस वर्षांवरच्या, मोठे बदल न झालेल्या गाडीला एमओटी (ब्रिटनमधली वार्षिक वाहन तपासणी) सक्तीची नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. तरी जाण्याआधी स्वखुशीने करून घ्या. रस्त्यावर चालण्याजोगी गाडी ठेवण्याची जबाबदारी तरीही मालकाचीच असते, आणि तपासनीस बेल्ट व सस्पेन्शनच्या जोडांपासून ३० सेंटिमीटरच्या आतला गंज मुद्दाम बघतो. तुमच्या यादीला ती आयती मिळालेली दुसरी नजर. ऐतिहासिक गटात रोड टॅक्स शून्य असला तरी दरवर्षी तो नोंदवावा लागतो. लॉगबुकवर आत्ता कोणता रंग लिहिला आहे ते बघा. केशरी झाल्यावर डीव्हीएलएला (तिथल्या वाहननोंदणी कार्यालयाला) कळवावं लागतं, त्याचं शुल्क नाही. विमा कंपनीलाही सांगा आणि ठरलेल्या किमतीचा विमा घ्या. वेल्डिंगचे फोटो तिथे पुन्हा उपयोगी पडतील.

म्हणजे वेळापत्रक असं: वसंतात तपासणी, नळ्या, ब्रेक, एमओटी. ऑगस्टात कॉर्नवॉल. सप्टेंबरात गाडी कोरड्या जागी, फर्निचर बाहेर. सिलजवळ ठिणगी उडणार असताना लाकूड आत ठेवणं म्हणजे आगीला बोलावणं. हिवाळाभर वेल्डिंग आणि रंग उतरवणं, पुढच्या वसंतात केशरी. मध्येच पैसे संपले तर इपॉक्सीच्या टप्प्यावर थांबता येतं, गाडी छपराखाली राहील एवढंच बघा. सरफेसरवर थांबू नका. तो पाणी पितो आणि खाली गंज धरतो.

हेच गणित पुण्याच्या बजाज टेम्पोची जुनी मॅटाडोर सांभाळून असलेल्या, आणि ती कोकणात ठेवणाऱ्या वाचकांनाही लागू आहे. खाऱ्या हवेत दाराखालचा पत्रा, पायऱ्या आणि चाकांच्या कमानी तशाच आतून जातात, आणि गॅरेजवाला तशीच वरून लांबी भरून द्यायला तयार असतो. रंग बदलला तर आरसीवर आरटीओकडून नोंद करून घ्या. आणि पावसाळ्यात रंगकाम काढू नका: दमट हवेत थिनर उडताना पत्र्यावर ओल धरते आणि रंग दुधाळ होतो.

रंग झाल्यावर पहिले दोन महिने त्यावर मेण-पॉलिश नको, आतला थिनर पुरता उडू द्या. काचांची आणि दारांची रबरं नवीच घाला. जुनी ताठ झालेली रबरं परत बसवली तर पाणी पुन्हा त्याच कडेला मुरेल, जिथून हे सगळं सुरू झालं. स्वस्त रबर घेऊन फसू नका. कोपऱ्यात ते आखूड पडतं. पुढच्या नाकावर पहिल्याच प्रवासात दगडाचे टवके उडतील, ते राखून ठेवलेल्या अर्ध्या लिटरमधून थेंबभर रंगात हार्डनर मिसळून बारीक ब्रशने त्याच आठवड्यात बुजवा.